कांचेंतील सोन्याची खूण

पाठ वाचावा : योना, अध्याय 1 व 2, योहान 11:1-44.

नागपूरजवळ टाकळघाट येथें प्राचीन लोकांनीं आपल्या मृतांसाठीं रचलेलीं दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं पाहून परततांना रे. स्टीफन हिस्लॉप साहेब 1863 सालीं ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. त्या दगडांवर कोणाचेंही नांव नाहीं. तरी ते कोणाच्या तरी मायेनेंच तेथें आले. अशाच एका दूरदेशींच्या खुणेविषयीं आम्ही आज लिहीत आहों.

रोम शहराबाहेर जमिनीखालीं पुरातन ख्रिस्ती लोकांचीं भुयारी कबरस्थानें आहेत. भिंतींत आडवे कोनाडे कोरून त्यांत प्रेतें ठेवीत व तोंड चुन्यानें बंद करीत. पुष्कळ कबरांवर नांव कोरलेलें नसे. मग घरच्यांस ओळख राहावी म्हणून ओल्या चुन्यांत एखादें नाणें, शिंपला, किंवा कांचेच्या वाटीचा तळ दाबून बसवीत.

ह्या तळांची कारागिरी पाहण्याजोगी आहे. कांचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून तो अणकुचीदार हत्यारानें खरवडीत व चित्र काढीत. मग त्यावर कांचेचा दुसरा थर तापवून एकजीव करीत. दोन कांचांमध्यें कोंडलेलें तें सोनें सुमारें 1600 वर्षांनंतरही चकाकत आहे. बहुतेक तुकडे चवथ्या शतकांतले असून पुष्कळसे व्हॅटिकनच्या संग्रहांत आहेत.

त्यांवर समोरासमोर बसलेले पेत्र व पौल, मेंढरूं खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, माशाच्या तोंडीं पडलेला योना आणि कबरेंतून बाहेर येणारा लाजर दिसतात. कित्येकांवर नवराबायकोचीं चित्रें असून ‘प्या व जगा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. यहूदी लोकांच्या तशाच कांचांवर सात फांद्यांची समई असते. दोन्ही एकाच कारखान्यांत होत असाव्या, असें विद्वान मानितात.

वाचकहो, जेवणाच्या वेळीं जी वाटी आनंदाची साक्षी होती, तीच दुःखाच्या वेळीं कबरेची खूण झाली. आमच्या खेड्यांत दगड बसविण्यास पैसा नाहीं म्हणून कोणी खिन्न होतो, कोणी कर्ज काढितो. त्या भुयारांतील नांव नसलेल्या कबरा त्यांस धीर देवोत. मृताची आठवण दगडाच्या किंमतीवर अवलंबून नाहीं.

प्रश्न : 1. ओल्या चुन्यांत वस्तू कां बसवीत? 2. सोनें इतकीं वर्षें कसें टिकलें? 3. योना व लाजर ह्यांचीं चित्रें कबरेवर कां शोभतात?