बाळाची पायगाडी : खरेदी, जोडणी आणि चौथीच्या वर्गातला एक उपक्रम



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक गाडी आली. लाल रंगाची, चारचाकी, किंमत साडेतेराशे रुपये. चालकाचं वय पावणेदोन वर्षे! ही गाडी जोडताना माझ्या हातून एक चूक झाली आणि ती थोडक्यात निभावली. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून हा लेख. वर्गात घेता येईल असा उपक्रमही पुढे दिला आहे.

आधी गाडी कोणती घ्यायची ते बघू. दुकानात गेलात की पहिल्यांदा बॅटरीवाली गाडी पुढे येते. दिवे, हॉर्न, गाणी, रिमोट. ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी, पेडल दाबलं की पळते. आमचे हे तर तिथेच भुलले. पण पावणेदोन वर्षांच्या मुलाला 'थांब' हा शब्द कळतो, थांबणं जमत नाही. पेडलवरचा पाय उचलला की गाडी थांबते, हे घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी आठवत नाही. उलट ते पाय आणखी घट्ट रोवतं. आणि रिमोट बाबांच्या हातात असेल तर मग मूल नुसतं प्रवासीच झालं की! म्हणून या वयाला पायाने रेटायची साधी गाडी बरी. तिला चार्जर नको, वायर नको, आणि मूल दमलं की गाडी आपोआप थांबते.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "एवढे पैसे कशाला घालवता? सुताराकडून पांगुळगाडा करून घ्या." त्यांचंही चूक नव्हतं, पण पांगुळगाडा धरून उभं राहायला, पाऊल टाकायला शिकणाऱ्या मुलाचा. आमचं कार्टं केव्हाच धावायला लागलंय. (मध्ये बसवायचा गोल चाकांचा वॉकर मात्र पांगुळगाड्यासारखा समजू नका. त्यात बसलेली मुलं जिन्यावरून पडतात म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.)

आता माप. बाळाला भिंतीला पाठ लावून उभं करा. दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत एक पातळ पुस्तक आडवं धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. आमचं २९ सेंटिमीटर भरलं. गाडीची बैठक २३ सेंटिमीटर उंच होती. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, तशी गाडी घेऊ नका. नुसते चवडे टेकत असतील तर मूल रेटायला जातं आणि कलंडतं.

खोक्यावरचं चिन्हही बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. बिनबॅटरीच्या खेळण्याला आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' आणि परवान्याचा आकडा. हा आकडा 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकला की परवाना खरा आहे का ते दिसतं. मी दुकानात उभी राहून हे करत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिक्षिका का?"

आता जोडणी. खोक्यातून निघालं ते असं : गाडीचं धड, बैठक, स्टेअरिंग, चार चाकं, दोन लोखंडी सळया आणि एका पिशवीत स्क्रू, वायसर व चार टोप्या. सोबतच्या कागदावर फक्त चित्रं आणि मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे ती टोपी. दिसायला क्षुल्लक, नखाएवढी. तिच्या आत पत्र्याचे बारीक दात असतात. सळईच्या टोकावर ठोकून बसवली की दात सळईला धरतात आणि चाक बाहेर येत नाही. स्क्रूसारखी ती फिरवून घट्ट करता येत नाही, ठोकावीच लागते. आधी सळईच्या एका टोकाला टोपी ठोकायची. मग वायसर, चाक, गाडीचं धड, दुसरं चाक, वायसर या क्रमाने सळई ओवायची. मग गाडी आडवी करून पहिली टोपी लाकडी फळीवर टेकवायची आणि वरून दुसरी ठोकायची. खाली टेकू नसेल तर घाव वाया जातो, सळईच सरकते.

स्टेअरिंग आणि बैठकीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात. तिथे उलटी काळजी घ्यायची. जोर लावला की आटे जातात आणि मग तो स्क्रू जन्मभर नुसता फिरतो. हाताने पिळा, अडला की थांबा.

मी हे सगळं रात्री दहा वाजता करत बसले. बाळ शेजारच्या खोलीत झोपलेलं. स्क्रू व्यवस्थित लागले, तीन टोप्या बसल्या. चौथी ठोकताना बाळ कुरकुरलं. उठू नये म्हणून मी हळूहळू ठोकलं. टोपी बसल्यासारखी दिसली. चाक ओढून बघितलं नाही.

पहिले दोन दिवस गाडी फक्त मागे जात होती. (घाबरू नका, बरीच मुलं आधी मागेच जातात. पाय पुढे ताणून रेटणं त्यांना सोपं पडतं.) तिसऱ्या दिवशी तो पुढे रेटायला शिकला आणि ओसरीवर जोरात निघाला. तेव्हाच ते चाक निसटलं. गाडी कलली, तो पायरीवरून अंगणात पडला. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. मी त्याला उचललं, गप्प केलं, खाली ठेवलं आणि आम्ही दोघं चाक बघायला लागलो. टोपी कुठे गेली हे कुणीच बघितलं नाही.

बघितलं ते सासूबाईंनी. "हा गप्प कसा बसलाय?" म्हणून त्यांनी त्याचं तोंड उघडायला लावलं. टोपी गालात होती, दिसत होती, म्हणून त्यांनी बोट वाकवून बाहेर काढली. दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला काहीच सुचलं नाही, हे खरं.

सुट्टी संपल्यावर ती टोपी मी चौथीच्या वर्गात नेली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते : ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. आम्ही ते नळकांडं कार्डशीटचं केलं. ११ सेंटिमीटर लांबीची पट्टी, त्यातला १ सेंटिमीटर चिकटवायला. परीघ १० सेंटिमीटर झाला की व्यास साधारण तेवढाच येतो. मग मुलांनी दप्तरं उपडी केली. खोडरबर, शार्पनर, गोटी, चिंचोका, पेनाचं टोपण, सगळं आत गेलं. घरी लहान भावंड असलेली मुलं एकदम शांत झाली. दुसऱ्या दिवशी तिघांनी नळकांडी घरी नेली.

नंतर भाषेच्या तासाला सूचनालेखन घेतलं. चित्रांचा कागद फळ्यावर लावला आणि जोडणीच्या सूचना मराठीत लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी लिहिलं, "टोपी नीट ठोका." एका मुलाने विचारलं, "बाई, नीट म्हणजे किती?" त्यावर वर्गात चांगलाच वाद झाला. कुणी म्हणालं दहा वेळा, कुणी म्हणालं आवाज बदलेपर्यंत. शेवटी सर्वांनी मिळून वाक्य ठरवलं : "टोपी ठोकल्यावर चाक दोन्ही हातांनी बाहेर ओढा. निघालं नाही आणि मोकळं फिरलं, तरच पुढचं चाक घ्या." आज्ञार्थाचा पाठ मी इतकी वर्षं शिकवतेय, पण 'नीट' या शब्दावर असा तास कधी झाला नव्हता.

तो कागद आता गाडीच्या बैठकीखाली चिकटवला आहे. नव्या टोप्या मी हार्डवेअरच्या दुकानातून सळईच्या मापाने आणल्या आणि रविवारी सकाळी ठोकल्या. कागदाच्या तळाशी एका मुलीने स्वतःच्या मनाने एक सूचना वाढवली आहे : "बाळ झोपलं असेल तर गाडी अंगणात नेऊन ठोका."