दुपारचा डबा आणि पोळीची सुरळी
(सुरतेतील बमरोली परिसरातील मराठी कुटुंबांच्या आहाराच्या निमित्ताने)

सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर आणि जळगाव या भागांतून अनेक कुटुंबे सुरतेस येऊन स्थायिक झाली. बमरोली, पांडेसरा, उधना व लिंबायत या परिसरात आजही खानदेशी बोली सहज कानी पडते. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत. येथील पुष्कळ पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतात. स्त्रिया घरकाम सांभाळून साडीला टिकल्या लावणे, धागे कापणे अशी कामे घरबसल्या करतात. अशा घरात पहाटे भरला जाणारा डबा ही लहानशी बाब नव्हे. कर्त्या माणसाची शक्ती, मुलांची वाढ आणि घरातील स्त्रीचे आरोग्य या तिन्ही गोष्टी त्या डब्याशी निगडित आहेत.

डब्यात झालेला बदल

एके काळी या घरांतून ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उडदाची डाळ असा डबा जात असे. शहरात आल्यानंतर भाकरी हळूहळू मागे पडली. वेळ अपुरा पडतो, भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि शाळेत डबा उघडल्यावर मुलांना संकोच वाटतो, ही त्याची प्रमुख कारणे होत. तिची जागा मैद्याचा पाव, खारी, बिस्किटे आणि तळलेल्या फरसाणाने घेतली. पोट भरल्यासारखे वाटते. परंतु शरीराच्या पदरात फार थोडे पडते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक-कोष्टकांवरून हा फरक स्पष्ट होतो. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात, म्हणजे कणकेत, सुमारे ११ ग्रॅम तंतू व ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच मैद्यात तंतू जेमतेम ३ ग्रॅम आणि लोह २ मिलिग्रॅमहूनही कमी असते. बाजरीत लोहाचे प्रमाण ६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आहे, तर नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आढळते. आपल्या पूर्वजांच्या ताटातील धान्ये कनिष्ठ प्रतीची होती, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यामागेही हीच जाणीव होती.

प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातेत १५ ते ४९ वयोगटातील ६५ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ८० टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची आवश्यकता असते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये नमूद केले आहे. सर्वांना वाढून उरलेल्या चहा-पावावर दुपार काढणाऱ्या गृहिणीस ते कोठून मिळणार?

मेक्सिकोची तोर्तिया आणि आपली भाकरी

गुंडाळून खाण्याच्या पोळीची प्रथा जगात अनेक ठिकाणी आहे. मेक्सिकोमध्ये मक्याची ‘तोर्तिया’ नावाची पातळ भाकरी करतात व तीत घेवडा, भाजी इत्यादी पदार्थ भरून खातात. तेथील लोक मका प्रथम चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात आणि नंतर वाटतात. या कृतीमुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास उपलब्ध होते. मका युरोपात गेला, परंतु ही कृती त्याबरोबर गेली नाही. परिणामी अठराव्या शतकात स्पेन व इटलीतील गरीब मकाभक्षकांत ‘पेलाग्रा’ हा त्वचेचा व मज्जासंस्थेचा रोग पसरला.

याच रोगाचे रुग्ण दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही आढळत. हैदराबाद येथील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. धान्य कितीही उत्तम असले तरी ते एकटे पुरेसे नसते. त्यास डाळ, शेंगदाणे व भाजीची जोड हवी. शेंगदाणा हा नायसिनचा चांगला साठा आहे. तृणधान्यात लायसिन हा प्रथिनघटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळले जातात आणि सोबतीस शेंगदाण्याची चटणी असते. अनुभवाने सिद्ध झालेली ही जोडणी शास्त्राच्याही कसोटीस उतरते.

सुरळीची कृती

भाकरी दुपारी कडक होते, ही गृहिणींची अडचण खरी आहे. गव्हात पीठ चिकट व लवचिक ठेवणारे ग्लुटेन असते, ते ज्वारी-बाजरीत नसते. म्हणून निव्वळ ज्वारीची भाकरी गुंडाळताना तुटते. यावर उपाय म्हणजे पिठांचे मिश्रण व गरम पाण्याचा उपयोग. पुढील प्रमाणात सुमारे दहा पोळ्या होतात.

पोळीसाठी : कणीक २०० ग्रॅम, ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ १०० ग्रॅम, हरभराडाळीचे पीठ ५० ग्रॅम, थोडे मीठ, ओवा किंवा तीळ, दोन चमचे तेल.

भरण्यासाठी : मोड आलेली मटकी दीड ते दोन वाट्या, बारीक चिरलेला कोबी किंवा मेथी दोन वाट्या, एक गाजर, एक कांदा, भाजलेल्या दाण्यांचे कूट चार चमचे, फोडणीपुरते तेल, हळद, तिखट व लिंबू.

प्रथम ज्वारीच्या पिठावर उकळते पाणी बेताने घालून ते कालवावे व दहा मिनिटे झाकून ठेवावे. या उकडीमुळे पीठ मऊ पडते. नंतर त्यात कणीक, हरभराडाळीचे पीठ, मीठ व तेल मिसळून मऊसर मळावे आणि वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. पोळी पातळ लाटून चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट भाजावी. मंद आचेवर फार वेळ ठेवल्यास पोळी वाळते. भाजलेल्या पोळ्या स्वच्छ सुती फडक्यात एकावर एक ठेवाव्यात, म्हणजे त्या मऊ राहतात. अशा प्रत्येक पोळीतून, सारण सोडूनही, सुमारे ४ ग्रॅम प्रथिने मिळतात.

मटकी फोडणीस टाकून झाकणावर पाणी ठेवून वाफवावी. भाजी शेवटी घालावी, म्हणजे ती फार शिजत नाही. दाण्याचे कूट घातल्याने सुटलेले पाणी शोषले जाते आणि सारण कोरडे राहते. उतरवल्यावर लिंबू पिळावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व धान्य-कडधान्यातील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते. मोड आणल्यानेही हे शोषण सुधारते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा आणतो. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवणे हितावह होय.

सारणात रोज पालट करता येतो. कोरडा झुणका, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी घालून परतलेली मुगाची डाळ किंवा अंड्याची भुर्जी यांपैकी काहीही चालते. शेजारच्या गुजराती घरातील मेथीचा थेपला हाही या पद्धतीस उत्तम आहे. त्यात मेथी मुळातच असते.

डबा भरताना घ्यावयाची काळजी

सुरतेची हवा उष्ण व दमट आहे. गरम सारण पोळीत गुंडाळून डबा लगेच बंद केल्यास आत पाणी सुटते व अन्न लवकर आंबते. म्हणून दोन्ही पदार्थ कोमट होऊ द्यावेत, मगच सुरळी करावी. काकडी-टोमॅटो वेगळ्या डबीत द्यावेत. अंड्याचे किंवा पनीरचे सारण उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवू नये. सुरळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, असा इशारा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये दिला आहे. स्टीलचा डबा व धुतलेले फडके हे सर्वांत चांगले. मिठाचे प्रमाण दिवसाकाठी माणशी ५ ग्रॅमहून कमी असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावयाचे असते.

मागावर काम करणाऱ्यास सुरळीचा आणखी एक लाभ आहे. ताट मांडून बसण्यास जागा व वेळ नसला तरी ती खाता येते. अन्न पोळीत झाकलेले असल्याने कारखान्यातील तंतूंची धूळ त्यावर बसत नाही. मात्र तेलकट हात साबणाने धुऊनच डब्यास लावावेत.

खर्च आणि वेळ

या डब्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ खालील शिधापत्रिका गावाकडे असली तरी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेनुसार आधारजोडणी झालेल्या पात्र कुटुंबास अन्य राज्यातील स्वस्त धान्य दुकानातूनही धान्य घेता येते. २०२२ पासून ही सोय सर्व राज्यांत उपलब्ध आहे. नंदुरबार किंवा जळगावच्या शिधापत्रिकेवर सुरतेत गहू मिळाला, तर वाचलेल्या पैशांतून ज्वारी, मटकी व शेंगदाणे आणता येतील.

वेळेचा प्रश्न नियोजनाने सुटतो. मटकी दोन दिवस आधी भिजवावी, पिठांचे मिश्रण आठवड्याचे एकदम करून ठेवावे, भाजी रात्री निवडून ठेवावी. निवडणे, सोलणे व डबे धुणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनीही उचलली पाहिजेत. पहाटेचा सगळा भार एकाच व्यक्तीवर राहिला, तर कोणताही चांगला आहार फार दिवस टिकणार नाही.

पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांतून ‘पीएम पोषण’ योजनेखाली मध्यान्ह भोजन मिळते. नववीपासून पुढेही मुलामुलींची वाढ चालू असते. पण तेव्हा त्यांना घरच्या डब्यावरच अवलंबून राहावे लागते. त्यांच्या डब्याकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. भाकरीचे रूप बदलून ती सुरळीच्या आकारात दिली, तर मुले ती मित्रांसमवेत आनंदाने खातात.

डबे भरून झाल्यावर एक सुरळी घरातील गृहिणीसाठी बाजूस काढून ठेवावी आणि तीही उरलीसुरली म्हणून नव्हे, तर मोजून केलेली असावी. घरच्या सर्वांची काळजी वाहणारी ती व्यक्ती अशक्त राहिली, तर कुटुंबाच्या आरोग्याचा विचार अपुराच म्हणावा लागेल.