रक्त दिले, पेशी कोणाच्या?

गेल्या आठवड्यात रक्तदान शिबिराहून परतलेल्या एका गुरुजींनी दवाखान्यात विचारले, "डॉक्टरसाहेब, आमच्या रक्तावर प्रयोगही करतात म्हणे?" प्रश्न रास्त आहे.

रक्ताची पिशवी यंत्रात वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर जमतो. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. पण रक्त घेणाऱ्या रुग्णाला त्यांची सहसा गरज नसते. उलट त्यांच्यामुळे थंडी वाजून ताप येऊ शकतो. म्हणून वेगळा काढलेला हा थर पुष्कळदा टाकून दिला जातो. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना मात्र तो मोलाचा. लस टोचल्यावर शिपाई कसे जागे होतात, हे माणसाच्या जिवंत पेशींवाचून कसे कळणार?

यात वावगे काही नाही, फक्त विचारून घ्यावे. अमेरिकेतील जॉन मूर यांना रक्ताचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. १९७६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांची वाढलेली पानथरी काढली. शस्त्रक्रिया गरजेचीच होती. पण पुढे १९८३ पर्यंत त्यांना सिॲटलहून वारंवार बोलावून रक्त, अस्थिमज्जा वगैरे घेत राहिले. बिचाऱ्यांना वाटे, हा उपचारच चालू आहे. प्रत्यक्षात त्यांच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून डॉक्टरांनी पेटंटसाठी अर्ज केला होता. ते १९८४ मध्ये मिळाले. हक्क सोडण्याचा कागद पुढे आला तेव्हा मूर यांना शंका आली.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी सांगता येत नाही. पण आपले संशोधन आणि त्यातला आर्थिक फायदा डॉक्टरांनी आधी सांगायला हवा होता. निकालाचा हा दुसरा भाग आम्हा डॉक्टरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनाला नीतिविषयक समितीची मंजुरी हवी, माणसाला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे. नाव-गाव पुसलेल्या उरलेल्या नमुन्यांसाठी समिती कधी संमतीतून सूट देते. नकार दिला म्हणून उपचारात मात्र कसूर करता येत नाही.

गुरुजींना म्हटले, पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी चष्मा लावून फॉर्म वाचा. "माझी हरकत नाही हो," ते म्हणाले, "पण विचारायला काय जाते?"