बाळोती, डायपर आणि पायांवर धरण्याची रीत

ग्रामीण आरोग्याचा विचार करताना पिण्याचे पाणी, शौचालये व सांडपाणी या विषयांची चर्चा पुष्कळ होते. मात्र ज्याला शौचालयापर्यंत चालत जाता येत नाही, त्या तान्ह्या बाळाच्या मलमूत्राचा प्रश्न घरातील स्त्रियांचा म्हणून बाजूला पडतो. बाळाची विष्ठा निरुपद्रवी असते, हा समज बरोबर नाही. अतिसाराचे जंतू तिच्यातूनही पसरतात. शिवाय आता खेड्यापाड्यांतील दुकानांत डायपर मिळू लागल्यामुळे हा प्रश्न घराच्या उंबरठ्याबाहेर येऊन ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहिला आहे.

दौंड तालुक्यातील राहू गावाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. मुळा-मुठा व भीमा या नद्यांच्या मधला हा बागायती भाग ‘राहू बेट’ म्हणून ओळखला जातो. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका लागतो. ऊस व गुऱ्हाळे ही या परिसराची ओळख होय. पुणे शहर नदीच्या वरच्या अंगाला असल्याने, वर टाकलेली घाण खाली कोणाला भोगावी लागते, हे येथील शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. तोच न्याय गावाच्या ओढ्यालाही लागू आहे.

जुनी रीत

महाराष्ट्रातील घराघरांत वडीलधाऱ्या स्त्रिया बाळाला ‘पायांवर धरीत’ आल्या आहेत. आजी पाटावर बसते, दोन्ही पाय पुढे घेते आणि बाळाला पावलांवर टेकवून पाठीला नडगीचा आधार देते. मग तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. झोपेतून उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर आणि आंघोळीपूर्वी धरण्याचा बहुतेक ठिकाणी परिपाठ असतो. बाळ एकाएकी चुळबुळ करू लागले, पिता पिता स्तन सोडू लागले किंवा क्षणभर स्तब्ध झाले, की जाणत्या स्त्रीला त्याचा अर्थ कळतो.

ही रीत केवळ आपलीच नाही. पूर्व आफ्रिकेतील दिगो समाजात बाळाला पहिल्या वर्षातच अशी सवय लावली जाते, हे १९७७ साली अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. लॉरी बाउक या अमेरिकन लेखिकेने या विषयावर पुस्तके लिहिली. तिला या पद्धतीची प्रथम माहिती एका भारतीय स्त्रीकडून मिळाली होती. पाश्चात्त्य देशांत आज या पद्धतीला ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे.

रीतीमागील शास्त्र

जठरात दूध गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्यामुळे पाजल्यानंतर थोड्या वेळाने शी होण्याचा संभव अधिक असतो. वेळ, बसण्याची ढब व आवाज यांची वारंवार सांगड पडली, की बाळ त्यांना प्रतिसाद देऊ लागते. तथापि, मलमूत्रावर स्वतःचा ताबा येण्यास सर्वसाधारणपणे दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून पायांवर धरणे म्हणजे बाळाचे संकेत ओळखणे, एवढेच समजावे. बाळाला फार वेळ ताटकळत धरू नये, जोर करावयास लावू नये आणि चूक झाली म्हणून रागावू नये. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला काही वेळा दोन-तीन दिवस शी होत नाही. बाळ खेळते व पिते असेल तर त्यात घाबरण्यासारखे नसते.

आधारासाठी वस्त्र

धरण्याची कितीही सवय असली तरी काही वेळा संकेत हुकणारच. रात्रीची झोप, प्रवास, पाहुण्यांची गर्दी किंवा आईचे आजारपण अशा प्रसंगी बाळाला काही तरी बांधून ठेवणे सोयीचे ठरते. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे मऊ लंगोट व बाळोती हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. भिजलेले वस्त्र बाळाला लगेच जाणवते व आईलाही दिसते, हा त्यांचा मोठा गुण होय. पहिला आठवडा संपल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, तर त्याला दूध पुरते असे मानतात. आशा कार्यकर्ती गृहभेटीत याविषयी विचारते तेव्हा बाळोत्यांवरून उत्तर सहज देता येते. डायपरमध्ये ही मोजणी अवघड होते.

डायपर वर्ज्यच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ऊसतोडणीसाठी आलेली आई पहाटे फडात उतरते. तिचे मूल कोपीत किंवा बांधावरच्या झोळीत असते. कपडे धुण्यास पुरेसे पाणी व वाळत घालण्यास जागा नसेल, तर तिला दोष देता येणार नाही. परंतु डायपर जवळ आहे म्हणून तो तासन्‌तास तसाच ठेवणे घातक होय. ओलसरपणामुळे कातडी लाल होते, पुरळ उठते. शी होताच आणि लघवी झाल्यावरही शक्य तितक्या लवकर तो बदलावा, अंग पाण्याने पुसून कोरडे करावे व काही काळ बाळाला मोकळे ठेवावे. डायपर हा हुकलेल्या वेळेचा आधार असावा. बाळाकडे पाहण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

वापरलेल्या डायपरची विल्हेवाट

डायपरचा बाहेरचा थर प्लास्टिकचा असतो व आत लाकडाच्या लगद्याबरोबर पाणी शोषून घेणारी रासायनिक भुकटी असते. तो उकिरड्यावर कुजून खत होत नाही. जाळल्यास प्लास्टिकचा अपायकारक धूर होतो. शौचालयात टाकल्यास नळी तुंबते व शोषखड्डा निकामी होतो. यास्तव पुढील क्रम पाळावा :

१. डायपरमधील शी प्रथम शौचालयात टाकावी. बाळोत्यातील शीही तेथेच टाकावी.

२. डायपर आतल्या बाजूस गुंडाळून जुन्या कागदात बांधावा व इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवावा.

३. बाळोती साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये.

४. बाळाची स्वच्छता केल्यावर साबणाने हात धुवावेत.

वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत, हा दंडक घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्रामुख्याने शहरांसाठी घालून दिला. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने अशा पुडक्यावर तांबडा ठिपका काढावा, असे आवाहन नागरिकांना केले. ते पुडके हाताने उघडण्याची वेळ कचरावेचक स्त्रीवर येऊ नये, हा त्यामागील हेतू होय. गावात घंटागाडी असो वा नसो, ही खूण प्रत्येक घराला करता येण्यासारखी आहे.

पंचायतीने काय करावे

ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत हा विषय घेता येईल. डायपर व पॅड यांच्यासाठी वेगळा डबा, त्याच्या संकलनाचा ठरलेला वार आणि अंतिम विल्हेवाटीची तालुका पातळीवरील व्यवस्था यांचा निर्णय पंचायतीनेच घ्यावयाचा आहे. तोडणीच्या हंगामात कोप्यांच्या वस्तीजवळ पाणी व शौचालयाची सोय झाली, तर तेथील मातांचा डायपरवरचा भार आपोआप कमी होईल. अंगणवाडीतील माता बैठकीत एखाद्या अनुभवी आजीला बोलावून पायांवर धरण्याची रीत प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे. शिक्षकांनी पालकांना सांगावे की अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला शिक्षा हा उपाय नव्हे.

पायांवर धरण्याच्या रीतीला पैसा लागत नाही. पण जवळ बसणारे माणूस लागते. आईला कामावरून सवड नसेल आणि आजी घरात नसेल, तर उपदेशाचा उपयोग मर्यादितच राहणार. बाळाजवळ बसावयास कोणाला तरी मोकळे करणे हा या प्रश्नाचा गाभा आहे. पाळणाघर, अंगणवाडी व घरातील पुरुषांचा हातभार यांचा विचार त्याच दृष्टीने झाला पाहिजे.