झेरॉक्स मशीनची ‘बाटली भरली’ ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते?



ऊस नोंदीचे दिवस आले की सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार कार्ड यांच्या नकलांसाठी विकास सोसायटीच्या ऑफिसात किंवा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. नेमके त्याच वेळी मशीन अडते. पडद्यावर ‘वेस्ट टोनर फुल’ अशी अक्षरे येतात. कारकून बाटली काढतो, झटकतो, परत बसवतो. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग मेकॅनिकचे हेलपाटे, नव्या बाटलीचा खर्च, आणि सभासदाला एका नकलेसाठी तालुक्याची वारी! सोसायटीचा खर्च म्हणजे शेवटी आपलाच पैसा. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुले हाच धंदा करतात. म्हणून या तक्रारीचे मूळ समजून घेऊ.

टाकाऊ टोनर कुठून येतो?

कोरड्या नकलेची ही युक्ती अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली न्यूयॉर्क शहरात प्रथम यशस्वी केली. तत्त्व आजही तेच आहे. मशीनमधील ड्रमवर विजेचा भार देतात. प्रकाशाने त्यावर अक्षरांचा ठसा उमटतो. त्या ठशाला टोनर, म्हणजे प्लॅस्टिक व काजळीची अतिबारीक पूड चिकटते. ती पूड कागदावर उतरते व उष्णतेने पक्की होते.

पण सगळी पूड कागदावर उतरत नाही. थोडी ड्रमवरच राहते. ती रबरासारखी एक पट्टी (ब्लेड) खरवडते आणि मळसूत्रासारखे आटे असलेला दांडा तिला ढकलत बाटलीत नेतो. आपल्या कारखान्याशी ताडून पाहा. उसाचा रस निघाला तरी चिपाड उरतेच आणि ते वाहून नेणारा पट्टा अडला की मिल थांबते. इथे टाकाऊ टोनर हे चिपाड आणि आट्यांचा दांडा हा पट्टा. चिपाड जास्त निघू लागले तर नुसता पट्टा झाडून भागत नाही, मिलमध्येच पाहावे लागते.

आधी प्रकार ओळखा

बाटली काढून डोळ्यांनी पाहा. तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

1) बाटली रिकामीच, तरी संदेश येतो. पुष्कळ मशीनमध्ये बाटलीच्या पारदर्शक खिडकीतून प्रकाश पाठवून ती भरली की नाही हे ठरते. जुनी बाटली रिकामी करून पुन्हा वापरली की खिडकीवर काळा थर राहतो आणि मशीन फसते. खिडकी व समोरचा सेन्सर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. बाटली खटका बसेपर्यंत आत सारा. मशीन एका बाजूला कललेले असेल तर तोंडाशीच ढीग साचतो व बाकी बाटली मोकळी राहते. म्हणून टेबल समतल करा. काही मशीन प्रती मोजून संदेश देतात. तिथे बाटली बदलल्यावर मेकॅनिककडून मोजणी शून्यावर आणून घ्यावी लागते.

2) बाटली खरोखरच लवकर भरते. हा खरा रोग. त्याचा विचार पुढे केला आहे.

3) बाटलीत थोडेच, पण मशीनच्या आत पूड सांडलेली. नकलेवर काळ्या रेघा, आत करकर आवाज. इथे ब्लेड झिजलेले, दांडा चोंदलेला किंवा त्याचे दातेरी चाक तुटलेले असू शकते. मशीन तसेच रेटू नका, मेकॅनिकलाच बोलवा.

बाटली लवकर का भरते?

पहिले कारण दमट कागद. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे नोंदीचा काळ ऐन पावसाळ्याचा. कागदाचे रिम उघडे पडलेले असते. ओल धरलेल्या कागदावर टोनर नीट उतरत नाही. नक्कल फिकी येते. मग कारकून ‘गडद’चे बटण वाढवतो. ड्रमवर टोनर आणखी येतो, कागद तेवढा घेत नाही आणि उरलेले सारे बाटलीत जाते. दुखणे कागदाचे आणि औषध मशीनला, असा हा प्रकार! रिम लागेल तेवढेच उघडा, बाकीचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा.

दुसरे कारण न जुळणारा टोनर. मशीनच्या मॉडेलचा नसलेला स्वस्त टोनर भरला की त्यावर विजेचा भार नीट बसत नाही व तो कोऱ्या जागीही चिकटतो. परीक्षा सोपी आहे. काचेवर पांढरा कोरा कागद ठेवून झाकण लावून नक्कल काढा. ती रिममधल्या कागदाशेजारी धरा. राखाडी दिसली तर टोनर, डेव्हलपर किंवा ड्रम तपासून घ्या.

तिसरे कारण वारंवार कागद अडकणे. अडकलेल्या पानाचा टोनर बहुधा बाटलीतच जातो. रंगीत मशीन तर सुरू होताना स्वतःची जुळणी करते व त्यातही टोनर टाकते. म्हणून ते दिवसातून दहादा बंद-चालू करू नये.

हे करू नका

टाकाऊ टोनर परत मशीनमध्ये भरू नका. त्यात कागदाची धूळ असते. तो चुलीत, शेकोटीत टाकू नका. बारीक पूड भपकन पेटते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. उकिरड्यावर किंवा ओढ्यातही ओतू नका. तोंडाला फडके बांधा, बाटलीचे तोंड बंद करून पिशवीत घाला आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. हात व कपडे थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

एक वही ठेवा

बाटली बदलली की तारीख व मशीनचा प्रतींचा आकडा लिहा. समजा पुस्तिकेत बाटली 40,000 प्रती टिकेल असे दिले आहे आणि आपली 12,000 ला भरली. मग दोष बाटलीचा नव्हे, आतला. फोटो, काळी पाने जास्त असतील तर थोडा फरक पडणारच, पण एवढा नाही. टोनर व कागद कधी बदलला तेही त्याच वहीत टिपा. मेकॅनिक आला की आधी वही दाखवा. सोसायटीच्या पंच मंडळींनीही मासिक सभेत दुरुस्तीचे बिल मंजूर करण्यापूर्वी ही वही मागवावी. बाटली रिकामी करणे पाच मिनिटांचे काम आहे, पण ती का भरली हे विचारले तरच पैसा वाचेल.