अंगणवाडीतल्या लेकराचे कपडे आणि चप्पल : त्याचं त्याला घालता-काढता आलं पाहिजे



मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरते. त्यामुळे तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज डोळ्यासमोर असतात. आजचा विषय तसा साधा आहे. एवढ्या लहान मुलांना अंगणवाडीत, बालवाडीत किंवा पाळणाघरात पाठवताना कपडे कोणते घालावेत आणि पायात काय घालावं? मीही पूर्वी याकडे फार लक्ष दिलं नव्हतं. एका मुलामुळे ते द्यावं लागलं.

जुलै महिना होता, रोवणी जोरात सुरू होती. चार वर्षांचा एक मुलगा मामाच्या लग्नात घेतलेली नवी जीन्स घालून अंगणवाडीत आला. कमरेला पट्टा, जीन्सला लोखंडी बटन, पायात लेसचे बूट. साडेदहाच्या सुमारास तो शौचालयाकडे पळाला. पट्टा सुटेना, बटन निघेना. सेविकाताई आतमध्ये आहार वाटत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत जीन्स ओली झाली होती. मुलं हसली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

मी आणि सेविकाताई त्याच्या घरी गेलो. आई-वडील बांधीवर गेलेले, घरी आजी होती. मी म्हटलं, "आजी, एवढ्याशा पोराला पट्टा कशाला बांधला?" आजी म्हणाली, "मॅडमजी, तुमीच त सांगतलं होतं ना सभेत, पोराले पट्टा-बूट घालून नीट पाठवा म्हणून!"

खरं होतं. जूनच्या पालकसभेत मीच बोलले होते. "मुलं टापटीप दिसली पाहिजेत, शर्ट खोचलेला, पट्टा, बूट." अंगणवाडीच्या आयाही त्या सभेला बसल्या होत्या. माझ्या डोळ्यासमोर पहिलीची मुलं होती, त्यांनी ते तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी ऐकलं. पदरमोड करून जमवलंसुद्धा. चूक त्या घराची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून मी एकच कसोटी धरली आहे. कपडा किंवा चप्पल किती भारी आहे ते नंतर बघू, आधी ते लेकराला स्वतःच्या हाताने घालता-काढता येतं का ते बघू.

हे शिक्षणच आहे

आपल्याला वाटतं, शिकणं म्हणजे अंक, अक्षरं, गाणी. पण तीन वर्षांच्या मुलाने स्वतःची चड्डी खाली करून पुन्हा वर ओढणं, सँडलचा पट्टा लावणं, स्वेटरची बाही सुलट करणं हाही अभ्यासच आहे. बोटांची पकड, डोळ्यांचा आणि हाताचा मेळ, आधी काय आणि नंतर काय याचा क्रम, हे सगळं त्यात येतं. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला त्यांनी ते वाढवलं. लेकरांच्या अंगणातच शाळा नेण्याची कल्पना त्यांचीच, आणि 'अंगणवाडी' हा शब्द आपण आजही वापरतो. मुलांची स्वच्छता, हातपाय धुणं, केस विंचरणं ही कामं त्यांच्याकडे शिक्षणाचाच भाग होती. माँटेसरी पद्धतीत तर बटनं, नाड्या, बक्कल लावायच्या खास चौकटी असतात. तेव्हा कपडे घालणं ही शाळेच्या आधीची कटकट नाही, शाळेचा पहिला तास आहे.

कपडे निवडताना

१) कमरेला इलॅस्टिक. चड्डी, पँट, परकर, सगळ्यालाच. इलॅस्टिक सैलसर हवं. पोटावर लाल वळ उठत असेल तर ते घट्ट आहे. नाडी असेल तर गाठ बसते आणि ऐनवेळी सुटत नाही. पट्टा, हूक, घट्ट चेन हे सगळं सणासमारंभाला ठेवा.

२) गळा मोठा. डोकं सहज आत जावं. समोरून उघडणारा शर्ट किंवा फ्रॉक असेल तर बटनं मोठी आणि थोडीच असावीत. पाठीमागे हूक असलेला फ्रॉक मुलीला स्वतःला कधीच घालता येत नाही.

३) सुती कापड. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ऊन किती असतं ते सांगायला नको. नायलॉनचा, जरीचा, आतून टोचणारा कपडा घातला की लेकरू दिवसभर खाजवत आणि चिडचिड करत बसतं. दुसरं म्हणजे, चुलीजवळ किंवा आहार शिजतो तिथे ठिणगी उडाली तर नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडाही पेटतो, पण असा चिकटत नाही. चुलीपासून लेकराला लांब ठेवायचंच, पण कापडही जपून निवडायचं.

४) मळला तरी चालेल असा. मातीत बसणं, रंगात हात घालणं, पाण्याशी खेळणं हे अंगणवाडीत होणारच. "नवा कपडा आहे, खाली बसू नको" असं बजावून पाठवलेलं मूल भिंतीला टेकून उभं राहतं. त्या दिवशी ते काहीच शिकत नाही. मोठ्या भावंडाचा धुऊन मऊ झालेला कपडा उलट बरा.

५) गळ्याशी लोंबणारं काही नको. लांब नाडी, ओढणी, मफलरचं टोक, गळ्यातला लांब दोरा घसरगुंडीत किंवा खिडकीच्या गजात अडकला तर गळ्याला फास बसू शकतो. सेफ्टी पिन, सुटणारे मणी, टिकल्याही नकोत, त्या तोंडात आणि नाकात जातात. मंतरलेला दोरा घरच्यांना काढायचा नसेल तर वाद घालू नका. मनगटाला बांधायला सांगा.

६) दप्तरात एक जादा जोडी. एक चड्डी, एक बंडी, कापडी पिशवीत. ओलं झालं तर लगेच बदलता येतं आणि कुणी हसायच्या आत गोष्ट संपते. एवढी एक पिशवी असती तर तो मुलगा आठवडाभर घरी बसला नसता.

आपल्याकडच्या तीन ऋतूंसाठी

*उन्हाळा :* सैल सुती कपडे, फिका रंग. डोक्याला टोपी किंवा ओला रुमाल. दुपट्टा डोक्याला बांधायचा तर अंगणवाडीच्या दारापर्यंत बांधा आणि आत गेल्यावर काढून ठेवा.

*पावसाळा :* लवकर वाळणारा कपडा आणि जादा जोडी नक्की. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका. आपल्या जिल्ह्यात जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या आहेत, डासही आहेत आणि हिवतापही होतो. म्हणून संध्याकाळी घरी मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट घाला.

*हिवाळा :* सकाळी कडाका आणि अकरा वाजता ऊन, अशी आपली थंडी. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत एक बंडी, वर शर्ट आणि त्यावर समोरून उघडणारं पातळ स्वेटर असे थर बरे. गरम झालं की मूल स्वतः काढू शकतं. डोक्यातून घालायचं घट्ट स्वेटर ते काढू शकत नाही, घामाने भिजतं आणि मग कुडकुडतं.

पायात काय?

२०२३-२४ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मंजूर झाले. चांगलंच झालं. पण घरातल्या मोठ्याला बूट मिळाले की धाकट्यालाही तसेच हवे असतात, नाहीतर मोठ्याचे जुने बूट धाकट्याच्या पायात येतात. इथे थांबून विचार करावा.

कर्नाटकातल्या मणिपालच्या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांचे पाय तपासले होते. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही समोरून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते जास्त होतं, सँडल-चपलांमध्ये कमी. अगदी लहान मुलाचा तळवा सपाट दिसतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण "बूट नाहीत म्हणून पाय बिघडेल" ही समजूत मात्र काढून टाकायला हवी.

मग अनवाणीच सोडायचं का? तसंही नाही. ओल्या, घाण मातीतून आकडेकृमीची अळी उघड्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि पुढे मुलाचं रक्त कमी होतं. म्हणूनच वर्षातून दोनदा अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात. शिवाय काटा, काच, तापलेली जमीन, विंचू आहेतच.

यातून मधला मार्ग निघतो. आपल्या रीतीप्रमाणे चप्पल दाराशी काढून आत स्वच्छ फरशीवर अनवाणी. बाहेर, आणि शौचालयात जाताना तर नक्कीच, पायात काहीतरी. आता दिवसातून चार-पाच वेळा घालायचं आणि काढायचं म्हटल्यावर लेसचे बूट कसे चालतील? मागे पट्टा असलेलं, चिकटपट्टीचं सँडल सगळ्यात सोयीचं.

खरेदी करताना एवढं बघा :

* मागे पट्टा हवा. नुसती अंगठ्याची चप्पल पळताना निसटते आणि मूल पडतं.
* तळ हाताने वाकवून बघा. बोटांपाशी सहज वाकला पाहिजे. लाकडासारखा कडक नको आणि गुळगुळीतही नको.
* पुढे जागा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं असावं. "दोन वर्षं पुरेल" म्हणून फार मोठं घेऊ नका, पाय आत घसरतो आणि मूल अडखळतं.
* दिव्याचे आणि शिट्टीचे बूट टाळा. शिट्टीने वर्गाचं लक्ष जातं. दिव्याच्या बुटात बारीक बॅटरी असते, ती निघून पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.
* पावसाळ्यात कापडी बूट नकोत. ते दोन दिवस वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. प्लास्टिकचं किंवा रबरी सँडल पुसलं की झालं. पाय मात्र कोरडे करा, बेचक्यांतही.
* घालण्याआधी उलटं करून झटका. ही सवय लेकरालाच लावा. खेड्यात ती फार कामाची आहे.

माप घ्यायची सोपी पद्धत सांगते. संध्याकाळी मुलाला कागदावर *उभं* करा, कारण बसलेलं असताना पाय लहान भरतो. दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा. मोठ्या पायाच्या पुढे एक सेंटिमीटर वाढवून कागद कापा आणि आठवडी बाजारात घेऊन जा. कागद सँडलमध्ये न दुमडता बसला पाहिजे. दर तीन महिन्यांनी तोच कागद काढून पाय पुन्हा ठेवून बघा. लहान मुलं "टोचतं" असं सांगत नाहीत, ती चप्पल हातात घेऊन चालतात. तसं दिसलं की समजून जा.

आणि मोठ्याचे कपडे धाकट्याला खुशाल घाला, पण झिजलेली चप्पल नको. तिचा तळ पहिल्या पायाच्या चालीने एका बाजूला दबलेला असतो.

शिक्षक आणि सेविकाताईंसाठी तीन उपक्रम

१. बटनांची पाटी : जुना शर्ट पुठ्ठ्यावर ताणून शिवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टी, तिसऱ्यावर बक्कल. मुलं खेळ म्हणून तासभर बसतात. क्रम असा ठेवा : आधी काढणं, मग घालणं. आधी चिकटपट्टी, मग मोठं बटन, मग बक्कल. लेस सगळ्यात शेवटी, पहिली-दुसरीत आली तरी चालेल.

२. अर्धं-अर्धं चित्र : एक चित्र मधोमध कापून अर्धं डाव्या आणि अर्धं उजव्या चपलेत चिकटवा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मासा पूर्ण झाला की चप्पल बरोबर. "उलटी घातली रे" असं ओरडावं लागत नाही.

३. माझी खूण : नाव वाचता येत नाही म्हणून कपडे, पिशव्या हरवतात. प्रत्येकाला एक खूण द्या, जसं पान, आंबा, चांदणी. कपड्याच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने दोन टाके घालायला आईला सांगा. मुलं स्वतःची वस्तू ओळखतात आणि शेजाऱ्याचीही आणून देतात.

यात एक पथ्य पाळायचं. मूल स्वतः बटन लावत असेल तर आपले हात मागे बांधून उभं राहायचं. वेळ लागतो, जीव कासावीस होतो, पण थांबायचं.

आता पालकसभेत मी काय सांगते

"टापटीप" हा शब्द मी आता वापरत नाही. "स्वच्छ" म्हणते. नव्या कपड्यांचं कुणाचं कौतुक वर्गासमोर करत नाही, कारण ज्याच्याकडे नाही त्याला ते लागतं. सभेला एक इलॅस्टिकची चड्डी, एक सँडल आणि एक कापडी पिशवी घेऊन जाते, दाखवते आणि पालकांना घरी एक परीक्षा घ्यायला सांगते :

* लेकराला चड्डी एकट्याने खाली-वर करता येते का?
* चप्पल कुणाच्या मदतीशिवाय घालता येते का?
* ते कपडे घालून उकिडवं बसता, पळता आणि हात वर करता येतात का?
* मळले तर घरी कुणी रागावणार नाही ना?

चारही उत्तरं हवी तशी आली की त्याची तयारी झाली. रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीवर जाते, तेव्हा आजीचे थकलेले हात आणि लेकराची इवली बोटं मिळूनच ही तयारी होते. ती सोपी करणं आपल्या हातात आहे.

तो मुलगा पुढच्या सोमवारी आला. इलॅस्टिकची, गुडघ्यावर ठिगळ असलेली चड्डी घालून. आहार खाऊन झाल्यावर तो एकटाच शौचालयाकडे गेला आणि एकटाच परत आला. सेविकाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

आता तो माझ्याकडे पहिलीत आहे. बुटाची लेस त्याला अजून बांधता येत नाही. घाई नाही.