आमच्याकडचं ‘ॲव्हरेज’

चिखली तालुक्यात हा शब्द दोन वेळा हमखास ऐकू येतो. गाडी लिटरला किती जाते हे विचारताना, आणि सोयाबीन निघाल्यावर, “काय ॲव्हरेज लागलं?” वीस वर्षांच्या शेतीत त्याचे चटके बसले, ते असे.

१. एका वर्षी धुऱ्याला धुरा असलेल्या आम्ही सहा जणांनी पारावर हिशेब केला. एकरी २, ३, ३, ४, ४ आणि १४ क्विंटल. चौदावाल्याकडे विहीर, ठिबक आणि टोकण पेरणी. बेरीज ३०, सरासरी ५. पाच जण पाचाच्या खाली, एक वर, आणि नेमके पाच कुणालाच नाहीत! पुढच्या हंगामात मी मात्र पाच धरून बियाण्या-खताची उधारी केली. दिवाळीला ती फिटली नाही. शाळेतला ‘मध्यक’ तेव्हा आठवला. आकडे चढते मांडायचे, मधला धरायचा. इथे मधले दोन ३ आणि ४, म्हणजे साडेतीन. आता उधारी साडेतीनावरच.

२. ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ या बातमीवर फवारणी ठरवू नये. आमच्या जिल्ह्यात १३ तालुके. घाटाखाली एका रात्रीत अतिवृष्टी, घाटावर फुलोऱ्यात तीन आठवडे खंड, तरी बेरीज जमते. सोयाबीन बेरजेवर जगत नाही.

३. बाजार समितीचा कमाल दर पाहून गाडी भरू नये. तो एखाद्या वाळल्या, निवडल्या ढेरीचा असतो. ‘सर्वसाधारण दर’ बघा. बहुतेक माल ज्या भावाने जातो तो. शाळेत याला बहुलक म्हणायचे.

४. पीक विम्याची सरासरी सगळ्यात अवघड. आधीच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढतात, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल तर उंबरठा ७. महसूल मंडळाचं उत्पन्न त्याखाली गेलं तरच कापणी प्रयोगावरची भरपाई मिळते. माझं वावर पार बसलं आणि मंडळ सातावर राहिलं, तर त्यातून मला शून्य. म्हणून गावात कापणी प्रयोग लागला की हातातलं काम टाकून धुऱ्यावर जाऊन उभे राहा. तिथे कापून मोजलेल्या तुकड्यातलं वजन मंडळाच्या सरासरीत जातं.